चप्पल सुटलेली कळत नाही, मग छातीतलं दुखणं कसं कळेल?

पत्र

डॉक्टर, नमस्कार. आमच्या ह्यांचं वय ५६. शुगर एकोणीस वर्षांपासून. त्यातच किडन्या गेल्या, अडीच वर्षं डायलिसिस केलं. सात महिन्यांपूर्वी माझ्या नणंदेनं किडनी दिली आणि देवाच्या दयेनं सगळं नीट पार पडलं. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.२ आहे. घरात सगळे म्हणतात, सुटलो एकदाचे. हे परत दुकानात बसायला लागलेत.

मागच्या महिन्यात किडनीच्या डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली आणि हृदयाच्या डॉक्टरांना दाखवून या म्हणाले. हे जात नाहीत. म्हणतात, "किडनी बदलली, हृदय कुठं बदललंय? छातीत कधी दुखलं का माझ्या?" दिवसाला चौदा गोळ्या आहेत, त्यात आणखी एक नको म्हणून ती गोळी सुरूच केली नाही, शिवाय कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणतात. शेजारचे काका अर्जुनाच्या सालीचा काढा घ्या म्हणून मागं लागलेत. सकाळची शुगर ११० च्या आसपास येते. तंबाखू ऑपरेशनआधी सुटली होती, आता परत दुकानात मळतात असा मला संशय आहे.

गेल्या आठवड्यात दुकानाच्या माडीवर खोकं नेताना दरदरून घाम आला, धाप लागली, दहा मिनिटं पायरीवर बसून राहिले. पित्त झालं म्हणून गोळी घेतली. परवा रिकाम्या हातानं चढतानाही तसंच झालं. पाय बधिर आहेत, चालताना चप्पल मागं राहिली तरी कळत नाही. मी काही बोलले की चिडतात, "तुला मी आजारीच बरा वाटतो" म्हणतात. मी उगाच घाबरते का?

— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर

ताई,

तुम्ही उगाच घाबरत नाही.

पत्रावर नंबर होता म्हणून पत्र हातात पडलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला. हृदयाच्या डॉक्टरांची तारीख मिळेपर्यंत थांबू नका, सकाळी उठून आधी ईसीजी काढा, असं सांगितलं. तुम्ही त्यांना नेलंत. ईसीजी 'नॉर्मल' आला, आणि आता मिस्टर म्हणतात, "बघ, मी सांगत होतो." म्हणून हे सविस्तर लिहितेय. तुमच्या परवानगीनं छापतेय, कारण असा संवाद चाललेली घरं मला बरीच माहीत आहेत.

ईसीजीपासूनच सुरुवात करू. माणूस टेबलावर शांत पडलेला असतो तेव्हा हृदयाला फारसं रक्त लागत नाही, त्यामुळे अरुंद झालेल्या नळीतूनही ते पुरतं. विहिरीचं तसंच असतं. मे महिन्यातही घरात प्यायला पाणी मिळतं, मोटर लावली की मग तळ दिसतो. बसल्या जागी काढलेला ईसीजी चांगला आला याचा अर्थ एवढाच, की त्या मिनिटाला मोठी इजा झालेली दिसली नाही. माडी चढताना काय होतं, ते त्या कागदावर उमटत नाही. आणि मला काळजी वाटते ती या दोन प्रसंगांच्या क्रमाची. पहिल्यांदा खोकं घेऊन चढताना झालं, दुसऱ्यांदा रिकाम्या हातानं. कमी श्रमात तोच त्रास होऊ लागला, तर हृदयाचे डॉक्टर त्याला साधी गोष्ट मानत नाहीत. त्यामुळे गुरुवारची जी वेळ तुम्हाला मिळाली आहे ती पुढं ढकलायची नाही. आणि त्याआधी बसल्या-बसल्या तसाच त्रास झाला, तर गुरुवारचीही वाट बघायची नाही. त्याबद्दल खाली सांगते.

आता चप्पल. तुम्ही ते वाक्य पत्रात जाता जाता लिहिलंय, पण माझ्या दृष्टीनं सबंध पत्रात तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. एकोणीस वर्षांच्या साखरेनं पायाच्या नसा बधिर केल्या, म्हणून चप्पल सुटलेली कळत नाही. तीच साखर त्याच रक्तातून हृदयाकडून निरोप आणणाऱ्या नसांपर्यंतही पोचलेली असते. साध्या माणसाला हृदयाला रक्त कमी पडलं की छातीत कळ येते, दाबल्यासारखं होतं, डावा हात भरून येतो. जुन्या मधुमेहीत ही कळ बोथट होते, कधी कधी येतच नाही. तिच्या जागी धाप लागते, गार घाम सुटतो, मळमळतं, एकदम गळून गेल्यासारखं होतं, पोटाच्या वरच्या भागात जड वाटतं. म्हणजे नेमकं जे आपल्याकडं 'पित्त' या एका शब्दात बसवलं जातं. "छातीत कधी दुखलं नाही" हा त्यांचा पुरावा म्हणूनच ग्राह्य धरता येत नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक शाळामास्तर माझ्याकडं यायचे. मधुमेह, मग किडनी, मग आईच्या किडनीवर प्रत्यारोपण. क्रिएटिनिन इतकं छान, की त्यांचा रिपोर्ट आला की आम्हाला बरं वाटायचं. एकदा म्हणाले, जेवणानंतर फिरायला गेलो की मळमळतं. मी पित्ताची गोळी बदलून दिली. पंधरा दिवसांनी ते गेले, झोपेत. किडनी शेवटपर्यंत उत्तम चालत होती. त्यांना "चालल्यावरच होतं का?" हा एक प्रश्न मी विचारला नव्हता. तेव्हापासून मी तो प्रत्येकाला विचारते, आणि तुमच्या पत्रात तर त्याचं उत्तर न विचारता लिहिलेलं आहे.

चालू किडनीसह मृत्यू, असं आमच्या क्षेत्रात म्हटलं जातं. प्रत्यारोपण झालेला माणूस नवी किडनी धडधाकट असताना जातो, तेव्हा त्यामागच्या सगळ्यात मोठ्या कारणांमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार येतात, आणि मधुमेहींमध्ये तर फारच. घरचे नवी किडनी शरीराकडून नाकारली जाण्याच्या भीतीनं रात्र-रात्र जागतात, आणि हृदयाकडं कुणाचं लक्ष नसतं.

मिस्टरांचं एक वाक्य मला फार पटलं. "किडनी बदलली, हृदय कुठं बदललंय?" अगदी खरं आहे. बदललेलं नाही. एकोणीस वर्षांच्या शुगरमधून आणि अडीच वर्षांच्या डायलिसिसमधून गेलेलंच हृदय आहे ते, आणि रक्तवाहिन्याही त्याच. साखरेनं त्यांचं आतलं अस्तर खरवडलं, तिथं चरबीचे थर धरले. किडनी बंद पडल्यावर रक्तात फॉस्फरस साठत गेला आणि कॅल्शियमबरोबर मिळून रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जाऊन बसला. बोअरच्या पाण्यानं गिझरच्या नळीत क्षार धरतो ना, तसा. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत अंगात साठलेलं पाणी, चढलेलं ब्लडप्रेशर आणि कमी पडलेलं हिमोग्लोबिन, यांमुळे हृदयाला जोर लावून लावून त्याचा स्नायू जाड झाला. तालमीत दंड जाड झाला तर कौतुक होतं, पण हृदयाची भिंत जाड झाली की ते नीट सैल पडत नाही आणि धाप लागते.

यातलं काय सुधारतं, हेही सांगते, नाहीतर वाचून तुम्ही हातपाय गाळाल. नवी किडनी लागली की पाणी साठायचं थांबतं, हिमोग्लोबिन वाढतं, ब्लडप्रेशर आवाक्यात येतं. जाड झालेला स्नायू काही अंशी उतरतो, पंपिंग कमी झालेल्या अनेकांचं पंपिंग वाढतं. अमेरिकेतल्या नोंदींवरून १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात प्रत्यारोपण झालेल्यांची तुलना डायलिसिसवर यादीत थांबलेल्यांशी केली होती. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूची जोखीम थांबलेल्यांच्या २.८ पट निघाली, पण दीड वर्ष उलटल्यावर ती ६८ टक्क्यांनी कमी होती, आणि मधुमेहींचा फायदा विशेष मोठा होता. म्हणजे नणंदबाईंनी दिलेल्या किडनीनं तुमच्या मिस्टरांच्या हृदयावरही उपकार केलेत. फक्त भिंतीत बसलेला क्षार आणि चरबीचे जुने थर ती किडनी धुऊन काढू शकत नाही. ते काम गोळ्यांचं आणि तुमचं.

आता ती न घेतलेली गोळी. रिपोर्ट नॉर्मल असताना कोलेस्टेरॉलची गोळी का, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की ही गोळी रिपोर्टातला आकडा बघून दिलेली नाही, माणूस बघून दिलेली आहे. मधुमेह, किडनीचा आजार, प्रत्यारोपणानंतरची औषधं, एवढं असल्यावर ज्याला इतरांसाठी आपण नॉर्मल म्हणतो ते कोलेस्टेरॉलही त्यांच्यासाठी जास्त असू शकतं. शिवाय स्टॅटिन जातीच्या या गोळ्या जुन्या थरांना टणक करतात, म्हणजे ते फुटून नळी अचानक बंद व्हायची शक्यता कमी होते. प्रत्यारोपण झालेल्या २,१०२ रुग्णांवर फ्लुव्हास्टॅटिनची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००३ मध्ये आले. सगळ्या प्रकारच्या हृदयघटना एकत्र मोजल्या तेव्हा फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता, पण हृदयविकारानं होणारे मृत्यू आणि हार्ट अटॅक एवढेच मोजले तर ते सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. चमत्कार नाही, पण दिवसाला एका गोळीच्या बदल्यात हे थोडं नाही. त्यांना सांगा, स्नायू दुखू लागले किंवा लघवी काळपट झाली तर लगेच कळवायचं, आणि कोणती स्टॅटिन किती प्रमाणात, हे प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांनाच ठरवू द्यायचं. किडनी नाकारली जाऊ नये म्हणून सायक्लोस्पोरिन हे औषध चालू असलेल्यांत काही स्टॅटिन रक्तात धोकादायक प्रमाणात वाढतात. त्याच कामाच्या टॅक्रोलिमसबरोबर तो त्रास कमी असतो.

चौदा गोळ्यांचा कंटाळा मात्र मला पूर्ण कळतो, आणि त्यावर त्यांच्या बाजूनं बोलते. सात महिने झालेत. संसर्ग होऊ नये म्हणून सुरुवातीला दिलेली काही औषधं ठरावीक महिन्यांपुरतीच असतात. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा डोस बहुधा बराच खाली आलेला असेल. टॅक्रोलिमस दिवसातून एकदाच घ्यायच्या स्वरूपातही मिळतं. म्हणून पुढच्या भेटीत सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, टेबलावर मांडा आणि विचारा, "यातली कोणती थांबवता येईल?" डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. राग येतो तो न सांगता बंद केल्याचा. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन या किडनी टिकवणाऱ्या गोळ्यांतली एकही आपल्या मनानं सोडायची नाही. किडनी नाकारली गेली आणि तिचं काम घटलं, तर हृदयाचा धोका पुन्हा चढतो. दोन्ही एकाच दोरीला बांधलेली आहेत.

हीच औषधं हृदयाला थोडी जाचतातही. प्रेडनिसोलोन भूक वाढवतं, वजन आणि साखर वाढवतं. टॅक्रोलिमसनं ब्लडप्रेशर चढतं आणि स्वादुपिंडाकडून इन्सुलिन कमी निघतं. म्हणून ती बंद करायची नसतात, तर त्यांचा भार बाकीच्या गोष्टींनी तोलायचा असतो.

साखरेबद्दल एक गफलत तुमच्या घरात झालेली दिसते, ती जवळजवळ सगळ्यांची होते. डायलिसिसवर असताना त्यांना इन्सुलिन कमी लागायला लागलं असेल, आणि कुणीतरी म्हणालं असेल, शुगर बरी झाली. बरी झाली नव्हती. बंद पडलेली किडनी इन्सुलिन बाहेर टाकत नव्हती, म्हणून तेवढंच जास्त वेळ पुरत होतं. नवी किडनी ते पटापट निपटते, म्हणून प्रत्यारोपणानंतर गरज वाढते. आणि दुसरं, सकाळच्या ११० वर खूश राहू नका. प्रेडनिसोलोन सकाळी घेतलं की साखर चढते ती दुपारनंतर आणि संध्याकाळी. पहाटेपर्यंत ती उतरलेली असते. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी आठवडाभर तपासा. सकाळी ११० आणि संध्याकाळी २६० असणारी माणसं मी दर आठवड्याला बघते. उलट प्रेडनिसोलोनचा डोस कमी होत जातो तेव्हा इन्सुलिन तेवढंच राहिलं तर साखर खाली घसरते, आणि घसरलेली साखरही हृदयाला घातक. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेवरच्या नव्या गोळ्यांचं नाव कुणी सुचवेल. मधुमेही किडनीविकारात आणि हृदयाच्या कमजोरीत त्यांचा चांगला उपयोग सिद्ध झालाय, पण त्या मोठ्या चाचण्यांत प्रत्यारोपण झालेले रुग्ण बहुतेक घेतलेच नव्हते, आणि लघवीच्या जागी संसर्गाचा धोका त्यांना अधिक. डॉक्टरांना जरूर विचारा, मेडिकलमधून परस्पर आणू नका.

ब्लडप्रेशरचं मशीन घरी घ्या. दंडाला बांधायचं, मनगटाचं नको, आणि फिस्टुला (डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडून केलेली वाट) असलेल्या हाताला कधीच बांधायचं नाही. सकाळी गोळ्यांआधी आणि संध्याकाळी, पाच मिनिटं गप्प बसल्यावर. प्रत्यारोपणानंतर १३०/८० च्या खाली राहावं असं सध्याचं मार्गदर्शन सांगतं. कधी कधी उभं राहिल्यावरही मोजा, कारण नसा बधिर असलेल्यांचं प्रेशर उठताना एकदम पडतं, आणि मग गोळ्या वाढवायच्या की कमी करायच्या हेच कळेनासं होतं. फिस्टुला अजून जोरात चालू असेल तर तेही हृदयाच्या डॉक्टरांना सांगा. त्यातून सतत धावणारं रक्त हृदयाला जास्तीचं काम लावतं. बंद करायचा की नाही हा निर्णय घाईचा नाही, पण त्यांना माहीत असायला हवं.

काढ्याबद्दल शेजारच्या काकांचा हेतू चांगला आहे, हे मी जाणते. अर्जुनसाल आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या हृदयासाठी वापरली जाते. पण टॅक्रोलिमस हे औषध फार नाजूक तोलाचं आहे. रक्तात थोडं कमी झालं तर किडनी नाकारली जाते, थोडं जास्त झालं तर तीच किडनी बिघडते. कोणती वनस्पती हा तोल कुठं नेईल ते आपल्या हातात नसतं. म्हणून काढा नको, पुड्या नकोत, 'किडनी टॉनिक' तर मुळीच नको. आणि फक्त काढेच नव्हेत. गणपतीत कोकणातल्या पाहुण्यांकडून पपनस आलं तर त्यांना देऊ नका. ग्रेपफ्रूटच्या जातीचं हे फळ टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढवू शकतं. डिल्टियाझेम हे हृदयाचं औषध आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे घशाच्या संसर्गाला दिलं जाणारं औषध, दोन्ही तसंच करतात. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन किडनीला थेट मारक. कुठल्याही दवाखान्यात पहिलं वाक्य हेच: "ह्यांचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, टॅक्रोलिमस चालू आहे."

खाण्याबद्दल थोडंच लिहिते, तुम्हाला ते अडीच वर्षं तोंडपाठ आहे. लोणचं, पापड, फरसाण आणि तांबडा रस्सा यातून मीठ जातं. दिवसाचं सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. 'लो-सोडियम' मीठ आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि टॅक्रोलिमसनं ते आधीच वाढायला बसलेलं असतं. ज्वारीची भाकरी, पातळ डाळ, उसळ, भाजी, हे चालतं.

तंबाखूचं मात्र थोडक्यात संपवणार नाही. "मी कुठं सिगारेट ओढतो" हे मी रोज ऐकते. मळलेली तंबाखू, मशेरी, गुटखा, सगळ्यांतलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, नाडी आणि प्रेशर वाढवतं. आधीच अरुंद झालेल्या नळीला ते सोसत नाही. त्यात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळा. संशय घेत बसू नका, खिसे तपासू नका, सरळ विचारा. आणि गुरुवारी डॉक्टरांसमोर त्यांना स्वतःला सांगू द्या. सोडायला मदत मिळते, औषधंही असतात. नुसत्या शपथेवर तंबाखू सुटलेली मी फार कमी पाहिली.

गुरुवारी बहुधा टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होईल, आणि त्यानंतर हृदयावर ताण देऊन एखादी तपासणी. बधिर पायांनी ट्रेडमिलवर धावणं जमणार नाही, हे सांगा. औषध देऊन ताण आणायच्या तपासण्या असतात. त्यातून कदाचित अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिनीत डाय नावाचं औषध सोडून ब्लॉक बघायची तपासणी, सुचवली जाईल, आणि मग घरात कुणीतरी म्हणेल, "डायनं नवी किडनी जाईल." भीती निराधार नाही. पण आधी किडनीच्या डॉक्टरांशी बोलून, पाण्याचं प्रमाण सांभाळून, काही गोळ्या त्या दिवसापुरत्या थांबवून, कमीत कमी डाय वापरून ती करता येते. दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी फोनवर बोलावं असा आग्रह धरा, तो तुमचा हक्क आहे. त्रास स्थिर असेल तर प्रत्येक ब्लॉकला स्टेंट लागतोच असं नाही. किडनीचा आजार खूप वाढलेल्या ७७७ रुग्णांवरच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असं दिसलं, की स्थिर अवस्थेत आधी अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास केला काय आणि आधी औषधांवर ठेवलं काय, मृत्यू आणि हार्ट अटॅक यांत फरक पडला नाही. पण तुमच्या मिस्टरांचा त्रास नवा आहे आणि वाढतोय. ते 'स्थिर' गटात बसतात की नाही, हे तपासल्याशिवाय कुणीच म्हणू नये. आणि हार्ट अटॅक चालू असताना किडनीच्या भीतीनं अँजिओग्राफी नाकारू नका. हृदयाचं पंपिंग गेलं तर किडनीला रक्त कोण पोचवणार?

त्याआधी त्रास झालाच तर काय करायचं, ते आजच ठरवून ठेवा. घाम आणि धाप आली की बसवा, चढू-चालू देऊ नका, आणि मशीन हाताशी असेल तर साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर साखरपाणी द्या. साखर ठीक असेल, किंवा गोड देऊनही पाच-दहा मिनिटांत फरक नसेल, तर १०८ ला फोन. पित्ताची गोळी देऊन वाट बघायची नाही, स्कूटरवर मागं बसवून न्यायचं नाही. शेजाऱ्याकडची सॉर्बिट्रेट ही रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी जिभेखाली ठेवू नका, प्रेशर आधीच पडलेलं असलं तर ती आणखी पाडते. अशा वेळी ॲस्पिरिन चघळायला द्यायची का, हे गुरुवारी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती चिठ्ठी फ्रिजवर चिकटवा. १०८ च्या माणसांना फाईल आणि गोळ्यांची यादी हातात द्या.

राहता राहिलं त्यांचं चिडणं. ताई, अडीच वर्षं हा माणूस पाणी मोजून प्यायला. उन्हाळ्यात घसा सुकला की बर्फाचा खडा चोखायचा, आणि तोही हिशेबात धरायचा. प्रत्यारोपणानंतर पहिल्यांदा तांब्याभर पाणी घटाघट पिताना रडलेली धिप्पाड माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या डोक्यात आजार तिथं संपलाय. आता तुम्ही 'हृदय' म्हणता तेव्हा त्यांना ऐकू येतं, की ते पुन्हा त्या खुर्चीवर, त्या सुयांकडं जाणार. "तुला मी आजारीच बरा वाटतो" हे भीतीचं बोलणं आहे. त्यात प्रेडनिसोलोननंही झोप उडते आणि माणूस तापट होतो; तेही डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. त्यांच्याशी भांडताना रिपोर्ट काढू नका. जेवण झाल्यावर, निवांत वेळी, त्यांचंच वाक्य त्यांना परत द्या: "तुम्हीच म्हणालात ना, हृदय बदललं नाही? म्हणूनच दाखवून येऊ." जमलं तर दुकानात भरवशाचा एखादा मित्र असेल त्याला बरोबर घ्या. बायकोनं सांगितलेलं न ऐकणारे पुरुष मित्रानं गाडी काढली की मुकाट बसतात, हा माझा अनुभव आहे.

आणि नणंदबाई. त्यांच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. भावाला एकोणीस वर्षांपासून मधुमेह, म्हणजे बहिणीला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, आणि त्या आता एका किडनीवर आहेत. वर्षातून एकदा त्यांचं प्रेशर, साखर, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासायला हवं. ऑपरेशननंतर दात्याची आठवण फार थोड्या घरांत ठेवली जाते. गुरुवारी मिस्टरांना नेताय तर त्यांच्याही तपासणीची तारीख घेऊन या.

गुरुवारच्या सकाळी टॅक्रोलिमसची पातळी बघायची असेल तर सकाळची गोळी आधी देऊ नका, डबीत घालून बरोबर न्या आणि रक्त दिल्यावर द्या. दोन्ही प्रसंगांची तारीख, वेळ, किती पायऱ्या चढल्यावर आणि किती मिनिटं, हे कागदावर लिहून ठेवा, आणि 'पित्त' हा शब्द त्या कागदावर लिहू नका. निघताना त्यांच्या पायात चप्पल नको, मागून पट्टा असलेली सँडल घाला. घरी परत आलात की दोन्ही तळवे उजेडात नीट बघा, बोटांच्या बेचक्यांसकट, आणि तिथं कुठं खरचटलेलं दिसलं तर मला फोन करा.